दार लागलं की रडणारा कुत्रा: एकटं राहायला शिकवायचं कसं?

सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाचव्या मजल्यावरचं कुत्रं दिवसभर रडतंय, कोणीतरी बघा’ असा मेसेज पडला की घरातल्यांना पहिल्यांदा आठवतात ते लाड. डोक्यावर चढवून ठेवलाय, म्हणून नखरे करतोय. घरी आल्यावर सोफा ओला दिसला की दुसरा निष्कर्ष तयारच असतो: आपण गेलो म्हणून मुद्दाम केलं. मग ओरडणं, बाथरूममध्ये कोंडणं, बाल्कनीत बांधून जाणं सुरू होतं आणि रडणं वाढतच जातं.

एकटं पडल्यावर काही कुत्र्यांना खरीखुरी घबराट होते. छाती धडधडते, लाळ गळते, पोट बिघडतं, लघवीवरचा ताबा जातो. व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, याला सेपरेशन अँक्झायटी (एकटं पडण्याची भीती) म्हणतात. बंद लिफ्टमध्ये अडकून ज्याला दरदरून घाम फुटलाय त्याला शिस्तीचे धडे देऊन काय होणार? इथेही तेच.

‘पण आम्ही आलो की तोंड लपवतो, म्हणजे चूक केलीय हे त्याला कळतं ना!’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका याच चेहऱ्यावर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला होता की नव्हता, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध लागला नाही. मालक रागावला की चेहरा तसा व्हायचा, काहीच न केलेल्या कुत्र्याचासुद्धा. तो आपल्या चढलेल्या आवाजाला आणि ताठलेल्या अंगाला घाबरतो, एवढंच. रोज घरी येऊन ओरडलात, तर एकटेपणाच्या भीतीत तुमच्या परत येण्याची भीती आणखी जमा होते.

उपाय आहे, आणि तो बऱ्याच कुत्र्यांना लागू पडतो. मात्र त्याला आठवडे लागतात, कधी कधी महिने. सूत्र एकच: कुत्रा घाबरायच्या आत परत यायचं, आणि तो ‘आत’ हळूहळू लांबवत न्यायचा. बाकीचं सगळं या एका गोष्टीला टेकू देण्यासाठी आहे.

आधी कॅमेरा, मग व्हेट

तुम्ही गेल्यावर घरात काय होतं हे शेजाऱ्यांकडून ऐकू नका, स्वतः बघा. जुना फोन टीव्हीच्या कपाटावर टेकवा, त्यावरून स्वतःच्या फोनला व्हिडिओ कॉल लावा, तुमच्या बाजूचा माइक बंद ठेवा आणि नेहमीसारखे बाहेर पडून पार्किंगमध्ये उभे राहा. वाय-फायवर चालणारा छोटा कॅमेरा घेतलात तर उत्तमच, पुढे तो रोज लागणार आहे.

घबराट असेल तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते, अर्ध्या तासाच्या पुढे क्वचित जाते. दाराच्या फटीला नाक लावून हुंगणं, दारापासून खिडकीपर्यंत सारख्या येरझाऱ्या, पंखा चालू असूनही धापा, हेल काढून रडणं, दाराची चौकट किंवा खिडकीची जाळी ओरबाडणं, जाताना दिलेल्या चिकनच्या तुकड्याकडे ढुंकूनही न बघणं. यातलं काही ठळक दिसलं की लगेच वर जा. पुरावा मिळाला, आणखी ताणायची गरज नाही.

कंटाळलेल्या कुत्र्याचं चित्र वेगळं असतं. तो आधी मस्त झोप काढतो, मग उठून कचऱ्याचा डबा उलटा करतो, उशी फाडतो, जाताना ठेवलेला खाऊ तर केव्हाच संपवलेला असतो. त्याला फिरणं आणि उद्योग वाढवून हवेत, हा सगळा सराव नको. फक्त कुरिअरवाला किंवा खालची मांजर दिसली की भुंकणारा कुत्रा तिसऱ्याच प्रकारचा. त्याला खिडकीला जाड पडदा लावूनच निम्मा फरक पडतो. एक चौथा प्रकारही असतो: माणसं घरात असली तरी पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत ठेवलं की घाबरणारा. त्याला एकटेपणापेक्षा कोंडलं जाण्याची भीती असते.

व्हिडिओ घेऊनच व्हेटकडे जा. घरात होणाऱ्या लघवीमागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो. खाज किंवा ॲलर्जीसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. म्हाताऱ्या कुत्र्यात हे सगळं अचानक सुरू झालं असेल तर सांधेदुखी, कमी झालेली नजर किंवा वयामुळे मंदावलेला मेंदू याकडे आधी बघावं लागतं. दुखण्यावर सराव हा इलाज नव्हे.

एकटं ठेवणं सध्या बंद

हा भाग वाचून बरेच जण लेख बंद करतात, हे मला माहीत आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक घरांत गाडी अडते ती इथेच. सकाळी वीस मिनिटं छान सराव करायचा आणि दहा वाजता कुत्र्याला आठ तास रडायला सोडून ऑफिसला जायचं, यात सकाळचं सगळं धुऊन जातं. दार लागणं म्हणजे संकट, हे दर मोठ्या रडारडीत नव्याने पक्कं होतं. ‘रडून रडून थकेल आणि शिकेल’ हा सल्ला तर कानाआड करा. तो थकतो, पण शिकत नाही.

म्हणून सराव चालू असेपर्यंत कुत्र्याला झेपतं त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. त्याच्याबरोबर तुम्हीच असायला हवं असं मात्र नाही. या कुत्र्यांपैकी पुष्कळांना कुणीही ओळखीचं माणूस चालतं. तेव्हा कागद घ्या आणि आठवड्याचे तास मांडा. नवरा-बायकोचे घरून कामाचे दिवस वेगवेगळे घेता येतील का? आजी-आजोबा दुपारी येऊन बसतील का? कामाच्या मावशींना दोन तास जास्त थांबायचे पैसे देता येतील का? इमारतीत परीक्षेचा अभ्यास करणारं एखादं पोर असतं, त्याला शांत हॉल, वाय-फाय आणि चहा दिला तर ते आनंदाने येतं. शहरांत आता घरी येणारे पेट सिटर आणि दिवसाची पाळणाघरं आहेत. पाळणाघर निवडताना एकदा न सांगता दुपारी डोकावून या आणि कुत्र्यांना तिथे दिवसभर पिंजऱ्यात ठेवतात का ते बघा.

लग्नकार्यं, सिनेमा, बाजार हे पाळीपाळीने करा. कुत्र्याला गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत’ दुकानात जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात काचा थोड्या खाली असल्या तरी गाडीची भट्टी होते आणि कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो.

शंभर टक्के जमलं नाही तर? जितकं जमेल तितकं करा, आणि जे तास भरता येत नाहीत त्यांच्याबद्दल व्हेटशी औषधाचं बोला. त्याविषयी पुढे आहे.

घरातली जागा

फार काही करायचं नाही. तुम्ही घरी असताना तो आपणहून जिथे पसरतो, तीच त्याची जागा. शक्यतो हॉल आणि एखादी खोली मोकळी ठेवा. पिंजऱ्यात आधीपासून आनंदाने झोपणारा कुत्रा असेल तरच पिंजरा, तोही दार उघडं ठेवून. घाबरलेल्या कुत्र्याने गजांवर दात आणि नखं तोडून घेतल्याची उदाहरणं कोणताही व्हेट सांगेल.

बाल्कनी बंद. घाबरलेला कुत्रा उंचीचा विचार करत नाही, ग्रिल नसलेल्या कठड्यावरून उडी मारू शकतो. साखळीचा विषय तर काढूच नका. कायमच्या बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तोही गुन्हा ठरतो.

दारावर ‘कृपया बेल वाजवू नये, फोन करावा’ अशी चिठ्ठी लावा, सामान वॉचमनकडे ठेवायला सांगा. सरावाच्या वेळी पंखा मोठा ठेवला की जिन्यातले आवाज थोडे दबतात.

सेकंदांचा सराव

सुरुवात तुमच्या कुत्र्याची आजची मर्यादा शोधण्यापासून. तो नुकताच फिरून, शी-शू करून, खाऊन निवांत पडलेला असताना दाराकडे जा. कुठल्या क्षणी त्याच्यात बदल होतो? भुंकण्याची वाट बघू नका, भुंकणं ही फार पुढची पायरी झाली. त्याआधी कान मागे जातात, जीभ नाकावरून झटकन फिरते, झोप आलेली नसताना जांभई येते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, श्वास रोखून तोंड घट्ट मिटतं.

माझ्या ओळखीच्या एका घरात गुंडी नावाची तांबूस देशी कुत्री आहे. मोठं दार उघडलं तरी ती ढिम्म. पण बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी ‘खट्’ वाजली की तिचा पुढचा उजवा पंजा जमिनीपासून बोटभर उचलला जायचा आणि तसाच राहायचा. घरातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, व्हिडिओ हळू चालवून बघितल्यावर दिसलं. तिची मर्यादा ती कडी होती. त्यामुळे तिचा पहिला आठवडा बाहेर जाण्यात गेलाच नाही. घरातलं माणूस दारात उभं राहून कडी वाजवायचं आणि परत येऊन पेपर वाचायचं. काही दिवसांनी कडीच्या आवाजाला पंजा जमिनीवरच राहू लागला, मग पुढची पायरी.

तुमच्याकडे ही मर्यादा वेगळी निघेल. कुणाची दाराबाहेर चाळीस सेकंद असते, कुणाची तुम्ही खुर्चीतून उठण्यापाशीच असते. तुम्ही बाथरूमला गेलात तरी मागे येणाऱ्या कुत्र्याची सुरुवात घरातल्या घरातच करा. तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन आलात, बेडरूमचं दार दोन सेकंद लोटून घेतलंत, तो जागेवरून न उठता नुसता बघत राहिला, तर ते जमलं. ‘बस’, ‘थांब’ असे हुकूम देऊ नका. हुकूम पाळत गोठून बसलेला कुत्रा शांत दिसतो, पण आतून शांत असेलच असं नाही. त्याला हिंडायचं असेल, दारापर्यंत यायचं असेल तर येऊ द्या.

समजा, दार लावून बाहेर तीस सेकंद तो आरामात राहतो. त्याचं एक सत्र साधारण असं होईल:

दाराकडे चालत जा, हात न लावता परत या.
दार उघडा, बंद करा, परत या.
बाहेर पडा, दार लावा, ३ सेकंद.
बाहेर, १० सेकंद.
बाहेर, ५ सेकंद.
बाहेर, २० सेकंद.
नुसतं दार उघडा-बंद करा.
बाहेर, ३५ सेकंद. बस, आजचं झालं.

प्रत्येक फेरीनंतर आत येऊन मिनिटभर आपलं काम करत बसा. त्याचं अंग पुन्हा सैल पडलं, मान खाली गेली, की मगच पुढची फेरी. आत आल्यावर मोठा सोहळा नको, पण तोंडही फिरवू नका. तो आला तर डोक्यावरून हात फिरवा. ‘जाताना-येताना कुत्र्याकडे अजिबात बघू नका, नाहीतर भीतीला खतपाणी मिळतं’ असं काही ट्रेनर सांगतात, ते मला पटत नाही. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

सेकंद वर-खाली का केले? सलग वाढवत गेलात तर पुढची फेरी मागचीपेक्षा कठीणच असणार हे कुत्र्याला कळतं आणि सरावाचीच धास्ती बसते. सोप्या फेऱ्या मध्ये पेरलेल्या असल्या की दार हा कंटाळवाणा प्रकार होऊन जातो. तो कंटाळाच हवाय. चौथ्या-पाचव्या फेरीला त्याने उसासा टाकून कूस बदलली, तर समजा तुम्ही योग्य मार्गावर आहात.

दिवसातून एकदा, वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. रोज पिळून काढू नका, सुट्टीच्या दिवसांनंतर कधी कधी कुत्रा आपणहून एक पायरी पुढे गेलेला दिसतो. बाहेर असताना नजर फोनवर, म्हणजे घरातल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर. ठरवलेले ३५ सेकंद पूर्ण व्हायच्या आत १५ व्या सेकंदाला जीभ नाकावर फिरली, तर १६ व्या सेकंदाला आत. ‘भुंकताना आत गेलो तर भुंकायला शिकेल’ या भीतीने दाराबाहेर उभे राहू नका. तो घाबरला याचा अर्थ पायरी मोठी झाली, आपला हिशेब चुकला. आत जा, सत्र थांबवा, उद्या खालच्या आकड्यावरून धरा.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण बाहेर गेलं, किती सेकंद, काय दिसलं, त्या दिवशी आणखी काय घडलं. तीन आठवड्यांनी वही चाळलीत की नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. संध्याकाळी सात वाजता, जिन्यात वर्दळ असताना, जमत नाही, दुपारी जमतं. आई बाहेर गेली तर चालतं, बाबा गेले तर नाही. आदल्या दिवशी व्हेटकडे इंजेक्शन झालं असेल तर आज हटकून घसरण. गुंडीच्या वहीत तर एक रांगच सापडली: कचऱ्याची गाडी गाणं वाजवत खाली यायची त्या वेळेचं प्रत्येक सत्र फसलेलं. सत्राची वेळ बदलली आणि प्रश्न मिटला.

मिनिटं आणि मग तास

पहिली काही मिनिटं गाठायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. तिथे घाई केली की मागे यावं लागतं. एकदा सलग तीस-चाळीस मिनिटं कुत्रा झोपून राहू लागला की पुढच्या उड्या मोठ्या घेता येतात. चाळीसवरून पन्नास, मग सव्वा तास, मग दीड. या टप्प्यावर सत्रात फेऱ्या कमी होतात, एक-दोन छोट्या आणि एक लांब, तेवढंच.

एक फसवा प्रकार इथे सांभाळा. दाराकडे तोंड करून, मान वर ठेवून, कान ताठ करून पडलेला कुत्रा भुंकत नाही म्हणून तो मजेत आहे असं नाही. तो वाट बघतोय आणि केव्हाही फुटू शकतो. एका कुशीवर पसरलेला, पाठ दाराकडे केलेला किंवा तुमच्या उशीवर घोरणारा कुत्रा खरा निवांत.

किल्ली, हेल्मेट, डबा, बूट या गोष्टी मी सुरुवातीला सरावातून पूर्ण बाहेर ठेवते. घरच्या चपलेत, रिकाम्या हाताने बाहेर पडायचं. मिनिटं जमायला लागली की एकेक वस्तू आत आणायची, आणि नवी वस्तू आली की वेळ कमी करायचा. हेल्मेट हातात असेल तर दहा मिनिटांऐवजी एक मिनिट. शिवाय एरवीही किल्ल्या उचलून टीव्हीसमोर बसा, हेल्मेट घालून कांदे चिरा. घरचे हसतील, हसू दे. त्याच्या लेखी हेल्मेटला अर्थ उरता कामा नये. लिफ्ट आणि स्कूटर याही पायऱ्याच आहेत. पार्किंगमधली स्वतःची स्कूटर सुरू होण्याचा आवाज कुत्रे बरोबर ओळखतात, तेव्हा दोन-चारदा ती सुरू करून, बंद करून वर या.

किती तासांचं ध्येय धरायचं? मोठ्या, निरोगी कुत्र्यासाठी चार-पाच तासांच्या पुढे मी स्वतः जात नाही. त्यानंतर कुणीतरी येऊन त्याला खाली नेऊन आणावं. एकटं राहता येणं वेगळं आणि दिवसभर लघवी धरून ठेवणं वेगळं.

खाऊचं काय?

‘जाताना खेळण्यात दही-भात भरून गोठवून द्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. कंटाळलेल्या कुत्र्यासाठी तो झकास आहे. घाबरणाऱ्याच्या बाबतीत मी सावध आहे. तो एक तर खातच नाही, किंवा खाण्यात गुंतलेला असतो तोवर ठीक आणि डबी चाटून झाली की डोकं वर करून बघतो, घरात कुणी नाही. मग गोठवलेलं खेळणं हीच तुमच्या जाण्याची खूण बनते. म्हणून सेकंदांचा सराव खाऊशिवाय करा आणि चाटण्या-चघळण्याचे उद्योग तुम्ही घरात असताना द्या. चाटण्याने बरेच कुत्रे शांत होताना दिसतात.

आत भरायला आंबट नसलेलं दही, उकडलेला लाल भोपळा, रताळं, चिकनचे धागे उत्तम. कांदा-लसूण नको, द्राक्षं-मनुका अजिबात नको. पीनट बटर असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, ते कुत्र्यांना विषारी आहे. शिजवलेली हाडं कधीच देऊ नका, त्यांचे तुकडे आतडं फाडतात.

फिरण्याबद्दलही थोडं. थकवून टाकला की झोपेल, म्हणून काही जण चेंडू फेकत फेकत कुत्र्याला पळवतात. तो थकतो आणि चेकाळतोही. त्याऐवजी सकाळी लवकर, डांबर तापायच्या आत, सैल पट्ट्यावर त्याला हवं तिथे हुंगत हुंगत फिरू द्या. याने भीती जात नाही, पण सरावाला निवांत मनाचा कुत्रा मिळतो.

औषधाला कमीपणा नाही

सेकंदांच्या पुढे गाडी सरकतच नसेल, कुत्रा स्वतःला इजा करून घेत असेल किंवा एकटं ठेवण्यावाचून इलाजच नसेल, तर औषधाचा विचार शेवटी नाही, सुरुवातीलाच करावा. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन औषधांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमकं याच दुखण्यासाठी, कुत्र्यांकरिता मान्यता दिलेली आहे: पहिल्याला १९९८ मध्ये, दुसऱ्याला २००७ मध्ये. दोन्ही रोज द्यायची औषधं आहेत. फ्लुओक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला भूक कमी होणं, थोडी सुस्ती दिसू शकते. तासाभरात काम करणारी औषधंही असतात, ती व्हेट प्रसंगापुरती देतात.

गोळीने कुत्रा आपोआप एकटं राहायला शिकत नाही. भीतीची धार बोथट होते आणि मग सराव लागू पडतो. नुसती गुंगी आणणारं ॲसेप्रोमाझिन एकटं देणं मात्र या दुखण्यावर उपाय नाही, त्याने शरीर ढिलं पडतं आणि मन तसंच घाबरलेलं राहतं.

एक गोष्ट व्हेटला आवर्जून सांगा. गोचिडांसाठी अंघोळीच्या पाण्यात घालायचं औषध किंवा गळ्यातला पट्टा वापरत असाल तर त्यावरचं नाव वाचा. त्यात अमित्राझ असेल तर ते वरच्या दोन्ही औषधांबरोबर चालत नाही. आपल्याकडे अमित्राझ दुकानातून सर्रास आणलं जातं आणि व्हेटला सांगायचं राहून जातं. घरातल्या माणसाची गोळी अर्धी करून देणं, औषध मनाने मध्येच बंद करणं, हे दोन्ही नको.

कुत्र्यांच्या वर्तनात मुरलेले व्हेट आपल्याकडे मोजकेच आहेत. तुमच्या व्हेटला हा विषय नवा वाटला तर व्हिडिओ आणि वही पुढे करा. मुंबईत परळचं किंवा साताऱ्याकडे शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथेही विचारता येतं. ट्रेनर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: ‘सरावात कुत्रा भुंकायला लागला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात झटका देणारा पट्टा, पाण्याचा फवारा किंवा ‘त्याला बॉस कोण ते दाखवतो’ आलं, तर चहा पाजून निरोप द्या.

सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याचाही बेत करू नका. त्याला माणूस हवा असतो. बहुतेक वेळा पहिला रडत राहतो आणि दुसरा ते बघतो.

शेजारी आणि सोसायटी

कुत्र्याचं हेल काढून रडणं आपल्याकडे अशुभ मानतात, त्यामुळे तक्रार नुसत्या आवाजाची नसते. वर शेजारच्या काकूंच्या घरी कुणी आजारी असेल तर विषय हाताबाहेर जातो. भांडण होण्याआधी तुम्हीच सांगा. ग्रुपवर असं काहीतरी लिहिता येईल:

‘नमस्कार. आमचा कुत्रा एकटा राहिला की घाबरून रडतो, त्याचा तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. व्हेटचे उपचार आणि सराव सुरू आहे, दोन-तीन महिने लागतील. तोवर त्याला एकटं न ठेवण्याची व्यवस्था केली आहे. आम्ही दाराबाहेर, जिन्यात उभे दिसलो तर तो सरावाचा भाग आहे. रडण्याचा आवाज आला तर रागावण्याआधी या नंबरवर फोन करा, लगेच येतो.’

ज्यांच्या भिंतीला भिंत आहे त्यांच्याकडे मात्र मेसेज पुरत नाही, जाऊन भेटा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे खरं आहे. पण तो कागद पहिल्याच भेटीत काढला की मदत करणारे शेजारीही वकिलासारखे बोलू लागतात. तो खिशातच असू द्या.

गणपती, दिवाळी आणि इतर घसरणी

एकटेपणाला घाबरणारे पुष्कळ कुत्रे मोठ्या आवाजालाही घाबरतात. विसर्जनाचे ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत सराव पूर्ण बंद ठेवा, कुणीतरी घरात राहा. फटाक्यांसाठी वेगळं औषध लागेल असं वाटलं तर दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी व्हेटकडे जा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून उपयोग नाही.

घर बदललं, कुणी हॉस्टेलला गेलं, महिनाभर सगळे गावाला राहून आलात, पावसाळ्यात आठवडाभर फिरणं झालं नाही, तर आकडे खाली येणार. दोन तासांवरून दहा मिनिटांवर आलेला कुत्रा शून्यावर गेलेला नसतो. खालून पुन्हा चढा, दुसऱ्यांदा चढण लवकर होते. नव्या घरात तर सामान लागायच्या आधीच पहिल्या दिवसापासून सेकंदांपासून सुरू करा.

घरात नवीन पिल्लू आलं असेल तर वरचं बरंचसं टाळता येतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घेतलेली पिल्लं मोठी होईपर्यंत घर कधी रिकामं झालंच नाही, आणि ऑफिसं उघडल्यावर अनेक घरांत हा त्रास समोर आला. पिल्लाला पहिले काही दिवस रात्री जवळ झोपू द्या, भरवसा बसू द्या. मग तो पेंगुळलेला असताना कचरा टाकून या, खालून कोथिंबीर आणा, शेजारी दोन मिनिटं टेकून या. रोज, थोडं थोडं, तो रडायच्या आत परत. तुम्ही दिवसभर घरून काम करत असाल तरीही हे करा. दुपारच्या एखाद्या मीटिंगला दुसऱ्या खोलीत बसून दार लोटून घेतलंत तर तेही मोजून घ्या.